पट्टीखालचे हात

सांगली जिल्ह्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी एकतीस वर्षे एक्सरे काढले. मूळचा मी साताऱ्याचा. नोकरीमुळे इकडे आलो आणि निवृत्तीनंतर विश्रामबागेतच राहिलो. आता वय पंचाहत्तर आहे. लिहितो आहे ते गेल्या दीड वर्षातले आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर एक तरुण डॉक्टर घरी आल्या. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत त्या काम करत होत्या. ज्यांच्या अंगावर वर्षानुवर्षे थोडी थोडी किरणे पडली, त्यांचे पुढे काय झाले, हे त्यांना पाहायचे होते. मोठ्या शहरांतल्या लोकांची माहिती मिळते, तालुक्याच्या गावी काम केलेल्यांची मिळत नाही, असे त्या म्हणाल्या. अभ्यासाला तपासणीची जोड होती. यादीतल्या प्रत्येकाची दर वर्षी तपासणी व्हायची, आणि काही निघाले तर उपचाराची सोय व्हायची. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतले जुने लोक मी शोधून द्यावेत, एवढेच त्यांचे मागणे होते.

यादी बॅजवरून केलेली होती. एक्सरे विभागात काम करणाऱ्याच्या छातीवर एक लहानसा बॅज असतो. अंगावर किती किरणे पडली, ते त्याच्यावरून कळते. ठरावीक मुदतीने तो तपासणीला जातो आणि आकडा परत येतो. ज्याला बॅज, त्याचा आकडा. ज्याचा आकडा, त्याचे नाव यादीत. आमच्या रुग्णालयातली तीन नावे होती. दोघे वारले होते. तिसरा मी.

"आणखी कोणी राहिलं आहे का, काका?" डॉक्टरांनी विचारले.

"नाही," मी म्हणालो.

उत्तर द्यायला मला वेळ लागला नाही. लागायला हवा होता.

पहिले शिबिर कवठे महांकाळला झाले. शाळेच्या व्हरांड्यात दोन टेबले मांडली होती. एका टेबलासमोर यादीतल्या जुन्या कर्मचाऱ्यांची रांग होती. ती लहान होती. दुसऱ्या टेबलाशी आसपासच्या गावांतल्या कोणाचीही तपासणी होत होती. ती रांग फाटकापर्यंत गेली होती. जुन्यांना ओळखण्यासाठी मला पहिल्या टेबलाशेजारी खुर्ची दिली होती.

दहाच्या सुमारास पहिल्या रांगेत गलका झाला.

"आजी, तुमचं नाव यादीत नाही हो. तुम्ही त्या रांगेत या. तिथे सगळ्यांना बघतात," नोंदणी करणारी मुलगी सांगत होती.

"त्या रांगेत मी का म्हनून जाऊ? ती गावातल्या लोकांची हाय. मी कामावरची हाय."

"पण तुमच्या कागदावर सफाई लिहिलंय."

"मग? सफाई करता करता पोरं कोन धरायचं? तुजा आजा?"

रांगेतले लोक हसले. मी मान वळवली. पासष्टीपुढची, उंच, कृश बाई. उजव्या हाताच्या तर्जनीला चिंधी गुंडाळलेली. मी तिला ओळखले, आणि तिने मला माझ्या आधी ओळखले होते.

"आवं साहेब, सांगा की हिला. म्हनती, तुमी तिथं न्हवताच."

या आमच्या रुग्णालयातल्या मावशी. स्त्रियांच्या वॉर्डात आया होत्या. वॉर्डातल्या आयांना सगळेच मावशी म्हणत. त्या माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, तरी मीही मावशीच म्हणत असे.

त्या तिथे, एक्सरेच्या खोलीत, कशा होत्या, ते सांगितले पाहिजे. लहान मूल यंत्रापुढे स्थिर राहत नाही. नियम असा, की नातेवाइकाने शिशाचा अॅप्रन घालून मुलाला धरावे. प्रत्यक्षात आई रडते, तिचे हात कापतात, मूल हलते आणि फिल्म धूसर येते. मग दुसरी काढावी लागते. माझ्या हातून दुसरी फिल्म लागत नाही, असा माझा लौकिक होता आणि तो मला प्रिय होता. तो मावशींच्या हातांवर उभा होता. त्या मुलाचे दोन्ही दंड कानांशी धरत, "कावळा बघ, कावळा बघ" म्हणत, आणि मूल क्षणभर वर पाहत असे. तेवढा क्षण मला पुरे होई. म्हणून मूल आले, की मी वॉर्डात हाक मारत असे. मावशी फडके भिंतीशी ठेवून येत. लहान मुलांची मोडलेली हाडे स्क्रीनखाली, म्हणजे किरणे चालू ठेवून पडद्यावर हाड बघत, बसवत, तेव्हाही त्यांनाच बोलावत. यंत्र चालू असताना हाड ओढून धरायचे काम त्यांचे असे.

विभागात अॅप्रन एक होता. हाडे बसवताना तो डॉक्टरांच्या अंगावर असे. एरवी खुंटीवर असे. मी कळ दाबताना भिंतीमागे जात असे. मावशी पुढे असत.

बॅज त्यांना नव्हता, कारण त्या आमच्या विभागाच्या नव्हत्या. डॉक्टरांनी मला "आणखी कोणी" असे विचारले, तेव्हा त्या माझ्या मनातही आल्या नाहीत. त्याचे कारण हेच.

गलका ऐकून डॉक्टर बाहेर आल्या. त्यांनी मावशींचा हात पाहिला. चिंधी नव्हती ती बोटेही नीट नव्हती. कातडी कागदासारखी पातळ झाली होती, नखांवर उभ्या काळ्या रेघा होत्या.

"आजी, ही जखम किती दिवसांची?"

"मागल्या दिवाळीच्या आदीपास्नं. खुरपं लागलं आसंल. बरीच हुईना. बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची मी. मुकादम म्हनला, चिंधी बांधून माल निवडायचा न्हाई. घरीच हाय तवापास्नं."

"चिंधी सोडा. मला बघू द्या."

"आदी लिवा. मग सोडते."

डॉक्टरांनी पुष्कळ समजावले. यादीत नाव नसले तरी तपासणी होईल, औषध मिळेल, काही पैसे पडणार नाहीत, असे सांगितले.

"फुकट बघताय म्हनून मी आले न्हाई, बाय. एकोनीस वर्सं धरली पोरं. त्ये लिवा."

"मावशी, हट्ट करू नका," मी म्हणालो. आवाज माझा जुनाच होता, विभागातला.

"तुमी गप ऱ्हावा साहेब. तुमचं लिवलंय."

त्या पदर सावरून फाटकाबाहेर गेल्या. कोणी हसले नाही.

डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, मला ती जखम आवडली नाही. ती कर्करोगाची सुरुवात असू शकते. आज कळलं तर थोडक्यात निभावेल. उशीर झाला तर बोट जाईल, कदाचित हातही."

"मग यादीत नाव घाला. मी सांगतो ना, त्या होत्या."

"तुमचा जबाब मी घेईनच. पण एकट्या जबाबावर नाव घेता येत नाही, तसा नियम आहे. कागद हवा, नोंद हवी, काहीतरी दाखवता येण्यासारखं हवं."

नियमाविषयी मी तक्रार करू शकत नव्हतो. मी जन्मभर नियमांचाच माणूस होतो, एक सोडून.

दुसऱ्या दिवशी मी जुन्या रुग्णालयात गेलो. हजेरीपटात मावशींच्या नावापुढे 'सफाई, स्त्री विभाग' एवढेच होते. रुग्णांनी न नेलेल्या जुन्या फिल्म माळ्यावर ठेवत असत. त्या कुठे गेल्या, असे विचारले, तर विट्याच्या एका गृहस्थाला विकल्या, असे कळले. एक्सरेच्या फिल्ममध्ये चांदी असते. विट्याकडची माणसे देशभर सोन्या-चांदीची गलाई, म्हणजे गाळून शुद्ध करण्याचे काम, करतात; त्यांच्यापैकीच हा एक. कुठल्याशा दूरच्या शहरात त्याचे दुकान होते. मी त्याला फोन केला.

"फिल्मा व्हय, काका? त्येंची चांदी कवाच निघाली!" तो मोठ्याने हसला. "आता कुनाच्या तरी पैंजनात वाजत आसंल बगा."

मी फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात मी मावशींच्या घरी गेलो. बुद्धविहाराच्या मागे त्यांचे दोन खोल्यांचे घर आहे. त्या अंगणात डाव्या हाताने शेंगा फोडत होत्या. पुरावा काही मिळत नाही, तेव्हा आता तपासणीला चला, असे मी सांगितले. विट्याच्या माणसाचे बोलणेही सांगितले. पैंजणाचे ऐकून त्यांना हसू आले.

"दवाखान्यात न्हाई म्हनून काय झालं? लोकांच्या घरी आसतील की. गिराण बघायला ठेवत्यात."

हे मला सुचायला हवे होते. आमच्याकडे फिल्म रुग्णाला देऊन टाकत, आणि खेड्यात ती कोणी फेकत नाही. ग्रहण आले, की ती काढून सगळे घर तिच्यातून सूर्य पाहते.

"पण कोणाकडे असेल, ते कसं कळणार?"

"मला इचारा की. मी धरल्यालं एक पोर इसरले न्हाई."

आम्ही दोघे निघालो. पहिल्या घरी फिल्म गोठ्याच्या खिडकीला काचेच्या जागी लावलेली होती. उन्हापावसाने तिच्यावर काही उरले नव्हते. दुसऱ्या घरी एक म्हातारी आणि तिचा चाळिशीचा मुलगा होता. मुलगा द्राक्षांच्या हंगामात टेम्पो चालवतो. चार वर्षांचा असताना त्याच्या छातीत पाणी झाले होते. म्हातारीने ट्रंक उघडली, लग्नातले लुगडे बाजूला केले आणि खालून पिवळे पाकीट काढले. पाकिटावर अक्षर माझे होते.

"ह्याच्यातनं तीन गिराणं बघितली आमी," ती अभिमानाने म्हणाली.

"ते डोळ्यांना घातक असतं. यातून सूर्याकडे बघू नये."

"आता सांगताय व्हय! तवा सांगायचं."

तिचे बरोबर होते. मी फिल्म दारातल्या उजेडाकडे धरली. मुलाच्या बरगड्या स्वच्छ, फुप्फुसाच्या खालच्या बाजूला पाण्याची पांढरी छाया, आणि दोन्ही कडांना काळी चिकटपट्टी.

मावशींनी आधी फिल्मकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. "ह्याच्यात मी कुठं हाय?"

ती पट्टी मी लावली होती. धरणाऱ्याचा हात किरणांच्या वाटेत येता कामा नये, असा नियम आहे. हात आला तर तो फिल्मवर उमटतो. माझ्या पहिल्या वर्षांत आमचे वरिष्ठ डॉक्टर दोनदा रागावले होते. "आपण छाती काढतो की बांगड्या?" असे त्यांनी चारचौघांत विचारले होते. हात बाहेर ठेवायचा, तर धरण्याची पद्धत बदलावी लागली असती आणि मूल हलले असते. मी पद्धत बदलली नाही. काळी पट्टी विकत आणली आणि हात झाकले. त्यानंतर माझ्या फिल्म नीटनेटक्या असतात, असे सगळे म्हणू लागले.

हे मी तिथे, त्या दारात, तिघांना सांगितले. मग नखाने पट्टीचे टोक उचलले. गोंद वाळला होता. पट्टी एका ओढीत निघाली.

खाली बोटे होती. मुलाच्या दंडाभोवती घट्ट आवळलेली चार बोटे, मनगटाशी काचेच्या बांगड्यांची पुसट वळी, आणि मधल्या सांध्यापासून आत वाकलेली करंगळी.

"ह्ये कुनाचं?"

"तुमचं."

मावशींनी फिल्म माझ्या हातातून घेतली आणि अंगणात नेली. उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिली. आपला डावा हात तिच्याशेजारी धरला.

"बया! करंगळी बघा, तशीच वाकडी. लहानपनी वीटभट्टीवर मोडली हुती." मग त्या टेम्पोवाल्याकडे वळल्या. "लय रडका हुतास रं तू. चावला हुतास मला."

"आवं मावशे, चार वर्साचा आसंन मी," तो ओशाळून म्हणाला.

"आजूनबी रडकाच हाय त्यो," त्याची आई म्हणाली.

मावशींनी फिल्म पाकिटात घातली. पाकीट मला दिले नाही, स्वतःच्या काखेत धरले.

"चला आता. कुठं हाय ती तुमची डॉक्टरीनबाय?"

डॉक्टरांनी फिल्म पाहिली आणि माझा जबाब लिहून घेतला. आठवड्यातून किती मुले, हाडे बसवायला किती वेळा बोलावले, स्क्रीन किती वेळ चालू असे, अॅप्रन कोणाच्या अंगावर असे. मी आठवेल तसे, काही कमी न करता सांगितले. खाली सही केली. असे का केले, हे त्यांनी मला विचारले नाही. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

करंगळी ताडून पाहण्यासाठी मावशींच्या डाव्या हाताचा एक नवा एक्सरे हवा होता.

"परत एक्सरे? आदीचं काय कमी झालं व्हय?"

"एकच, आजी, आणि अगदी थोडा वेळ. हा अंगावर घ्या." डॉक्टरांनी शिशाचा अॅप्रन त्यांच्या खांद्यांवर चढवला आणि मागे बंद बांधले.

मावशींनी तो दोन्ही हातांनी चाचपला. "लय जड हाय की." मग माझ्याकडे पाहिले. "म्हनून देत न्हवता व्हय, साहेब?"

"नाही," मी म्हणालो. "सुचलं नाही."

यंत्राकडे वळून मावशींनी हात ठेवला. सांगावे लागले नाही. हात कसा ठेवायचा ते त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते.

करंगळी जुळली. नाव यादीत गेले. त्याच दुपारी मावशींनी चिंधी सोडली आणि तुकडा तपासायला काढू दिला.

अहवाल यायला नऊ दिवस लागले. कातडीचा कर्करोग होता. हाडापर्यंत गेला नव्हता, काखेत गाठ नव्हती. डॉक्टरांनी ते मावशींना समोर बसवून सांगितले. मी दाराशी उभा होतो. मावशींनीच थांबायला सांगितले होते.

"एक्सऱ्यानं झालं ह्ये?"

"शपथेवर नाही सांगता येणार, आजी. बोटं बघून मला तसं वाटतं. पण एकाच माणसावरून ठरवता येत नाही."

"मग माजं लिवून उपेग काय?"

"तुमच्यासारख्या पुष्कळ जणी सापडल्या, तर सांगता येईल. आणि आज कुठल्या दवाखान्यात कोणी पोरं धरत असेल, तर तिला आधीच सावध करता येईल. आत्तापर्यंत आम्ही फक्त बॅजवाले मोजत होतो. तुम्ही आलात म्हणून आता वेगळा तक्ता केला आहे. बॅज नाही, पण खोलीत होते, अशांचा."

मावशींनी थोडा विचार केला. "पुष्कळ म्हंजी किती?"

"सापडतील तितक्या."

"साताऱ्याला माजी जोडीदारीन हाय. दुसऱ्या दवाखान्यात हुती ती. लय पोरं धरली तिनं."

शस्त्रक्रिया सांगलीत झाली. तर्जनीचे टोक नखासह काढावे लागले; बाकीचे बोट राहिले. मांडीची कातडी लावली, ती धरली. दोन महिन्यांनी मावशी त्या हाताने भाकरी थापू लागल्या. बेदाण्याच्या शेडवर मात्र गेल्या नाहीत. मुकादमाने स्वतः येऊन विचारले, तेव्हा "मला येळ न्हाई, मी कामावर हाय," असे त्याला सांगितले म्हणे. दर सहा महिन्यांनी डॉक्टर हात तपासतात. परवाच्या तपासणीत काही निघाले नाही.

आता महिन्यातून दोन-तीन दिवस आम्ही एसटीने हिंडतो. मावशी ओळखी काढतात, मी लिहितो. तक्त्यात अकरा जणी झाल्या आहेत. त्यांपैकी दोघींच्या हातांवर डॉक्टरांना वेळेत काही दिसले आणि उपचार चालू झाले. माझ्या जुन्या विभागात आता तीन अॅप्रन आहेत. लहान मुलांना बसवायला पट्ट्यांची खुर्ची आली आहे. आणलेल्या मुलाला तिथे कोणी आया धरत नाही. मूल कोण धरते आणि अॅप्रन कोण घालते, असे दोन प्रश्न मी तिथल्या तंत्रज्ञाला विचारले. उत्तरे ठीक होती.

पहिला फेरा साताऱ्याचा होता. मावशींची जोडीदारीण एका बोळात मुलीकडे राहते. आम्ही गेलो तेव्हा ती उंबऱ्यात बसून मेथी निवडत होती. माझा कागद बघून ती बिचकली.

"मी कुठली गं एक्सरेत? बाळंतिनींच्या वॉर्डात झाडू मारायची मी. ह्येंना सांग, चुकीच्या घरी आलाय म्हनावं."

"व्हय, झाडूच मारायचीस," मावशी तिच्यासमोर फतकल मारून बसल्या आणि मेथीची अर्धी जुडी आपल्याकडे ओढली. "आन आत पोर हलाया लागलं, की हाक कुनाला यायची?"

ती निवडायची थांबली.

"मला," ती म्हणाली. आणि मग, आपल्या दोन्ही हातांकडे बघत, "दिसातनं धा येळा बी यायची."

"मग सांग सावकाश," मावशी म्हणाल्या. "सगळं सांग. त्यांस्नी लिवायला येळ लागतो."